बांधाने घातलेला वळसा

जमिनीखालच्या जुन्या खुणा शोधायला नदीकाठच्या बार्लीच्या शेताचे विमानातून काढलेले तिरपे फोटो, ऐन कोरड्या जुलैतले. पिवळं पडत चाललेलं पीक आणि त्यात गडद हिरव्या रेघा. माझ्याआधी कुणीतरी त्यावर 'निचऱ्याचे नळ' असं लिहून फाइल बंद केली होती.

शेतातलं पाणी काढायला पुरलेले निचऱ्याचे नळ असे नसतात. ते ठरावीक अंतराने येऊन एका मुख्य नळाला मिळतात. इथे रेघा काटकोनात भेटून चौकोन करत होत्या. हे जुन्या शेतांचे बांध. म्हणजे बांध नव्हे, त्याच्या कडेचे चर. बांध नांगराखाली कधीच सपाट झाला, चर मात्र गाळमातीने भरून खाली राहिला. आजूबाजूला गोट्यांवर मातीचा पातळ थर, त्यामुळे पाण्याचा ताण पडला की पीक लवकर पिवळं पडतं. चरातल्या खोल मातीत ओल टिकते, तिथलं पीक उंच वाढतं आणि उशिरा पिकतं. पुरलेल्या भिंतीवर नेमकं उलटं. २०१८च्या कोरड्या उन्हाळ्यात आयर्लंडमध्ये न्यूग्रेंज या प्राचीन थडग्याजवळचं प्रचंड वर्तुळ ड्रोनला दिसलं ते जमिनीत टिकलेल्या अशाच ओलीमुळे.

आधी बाकीच्या शक्यता काढून टाकल्या. ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या जोडीने धावतात. हिमयुगात गोठलेल्या जमिनीला पडलेल्या भेगा वेड्यावाकड्या, कमी-जास्त रुंदीच्या असतात. जुन्या नकाशांत इथे कुंपण नव्हतं. शिवाय एक रेघ आजच्या कुंपणाखालून थेट पलीकडच्या शेतात जात होती, म्हणजे ती त्या कुंपणाची बहुतेक फिकीरच करत नव्हती.

आणि मग ते वर्तुळ. थडग्यावरच्या उंचवट्याभोवती खणलेला चर असा दिसतो. बांधाची रेघ सरळ येते, वर्तुळाच्या अलीकडे वाकते, वळसा घालते आणि पुन्हा आपल्या दिशेला लागते. शेत आखणाऱ्यासमोर तो उंचवटा उभा होता! त्याने तो टाळला तो भीतीने, मानाने, की खणायला जड म्हणून, हे काही डोक्यातून जात नाही.

आपोआप रेघा काढणाऱ्या प्रणालीने तो वळसा सरळ केला. तपासणाऱ्यानेही लिहिलं, 'किरकोळ विचलन, तिरप्या फोटोचा दोष.' फोटो नीट न पाहता असं लिहिणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. मी रस्त्यांचे तिठे आणि शेतांचे कोपरे धरून फोटो नकाशावर बसवला, जमिनीचा चढउतार हिशेबात घेतला. उरलेली चूक दोन मीटरच्या आत, वळसा त्याहून कितीतरी मोठा. उलट्या दिशेने काढलेल्या दुसऱ्या फोटोतही तो त्याच जागी.

पश्चिमेला रेघ नाहीशी होते. तिथे चिकणमाती आहे, ओल धरते, पिकाला ताणच पडत नाही. बांध तिथे संपला असं यातून मुळीच ठरत नाही. पण आमच्या नकाशात कोरी जागा म्हणजे 'काही नाही', आणि बांधकामाचे आराखडे करणारे तेवढंच वाचतात.

मी वळसा ठेवला आणि कोऱ्या जागेपुढे 'चिकणमाती. खाली चर असू शकतो' असं लिहिलं. नोंद परत आली. मी तीच पुन्हा पाठवली, या वेळी दोन्ही फोटो जोडून.