‘कोणती टेस्ट लावू?’च्या आधी

एमडीच्या प्रबंधासाठी माझ्याकडे येणारे बहुतेक डॉक्टर बसायच्या आधीच विचारतात, "मॅडम, कोणती टेस्ट लावायची?" संख्याशास्त्राचा सल्ला देण्याचं काम करताना, गोळा केलेल्या आकड्यांवर कोणती संख्याशास्त्रीय चाचणी वापरायची या प्रश्नाचं लगेच उत्तर द्यायचं नाही, हे मी कटाक्षाने पाळते. ॲलिन किंबॉल या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाने १९५७ मध्येच बजावलं होतं: चुकीच्या प्रश्नाला अचूक उत्तर देणं ही आमच्या पेशातली तिसऱ्या प्रकारची चूक. (पहिल्या दोन म्हणजे नसलेला फरक दिसणं आणि असलेला फरक हुकणं.)

मध्यंतरी एक निवासी डॉक्टर आल्या. गरोदर बायकांचं हिमोग्लोबिन बोटातल्या थेंबभर रक्तावरून छोट्या मशीनवर मोजायचं आणि लॅबच्या आकड्याशी ताडायचं, हा त्यांचा विषय. पेअर्ड टी-टेस्ट करायची ठरलीच होती, मी फक्त सॅम्पल साइज, म्हणजे किती बायका घ्यायच्या तो आकडा, सांगायचा होता.

पण ती टेस्ट सरासरीतला फरक तपासते. मशीनने एकीला दोन ग्रॅम जास्त आणि दुसरीला दोन ग्रॅम कमी दाखवलं, तर सरासरी जुळते आणि दोघींचंही निदान चुकू शकतं. कोरिलेशनही, म्हणजे दोन्ही आकडे सोबतीने किती वर-खाली होतात याचं मापही, तसंच फसवं. मशीन दर वेळी दीड ग्रॅम जास्त दाखवत असलं तरी ते एकच्या जवळ येतं. ब्लँड आणि ऑल्टमन यांनी १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दाखवलेली वाट इथे कामाची: प्रत्येकीच्या दोन आकड्यांतला फरक काढा, ९५ टक्के फरक कुठून कुठपर्यंत पसरलेत ते पाहा आणि तेवढी तफावत चालेल का, हे डॉक्टरांनी ठरवा.

एवढ्यावर भागणार नव्हतं. मी विचारलं, "मशीन चांगलं निघालं तर ते वापरणार कोण? आणि आकडा बघून करणार काय?"

"प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सिस्टर वापरतील. सातच्या खाली आलं तर मोठ्या दवाखान्यात पाठवतील."

इथे सगळं बदललं. गरोदरपणात ११ ग्रॅमच्या खाली ॲनिमिया आणि ७ च्या खाली तीव्र ॲनिमिया धरतात. ओपीडीत येतील तशा बायका घेतल्या असत्या तर सातच्या आसपासच्या जेमतेम सापडल्या असत्या. प्रबंध पास झाला असता, पण सिस्टरना ज्या आकड्यापाशी निर्णय घ्यायचा, तिथे मशीन कसं वागतं ते कळलंच नसतं. माझ्या मते असा अभ्यास करणं म्हणजे त्या बायकांचं रक्त वाया घालवणं.

गाइड सरांना पटवायला वेळ लागला. आराखडा बदलला की परवानगीसाठी पुन्हा एथिक्स कमिटीकडे जायचं म्हणून ते नाखूश होते, आणि मुदत बघता ते साहजिकच होतं. शेवटी तीव्र ॲनिमियाने भरती झालेल्या बायकाही मुद्दाम घ्यायच्या, आणि मशीनवरची तपासणी निवासी डॉक्टरांऐवजी सिस्टरनी करायची, असं ठरलं. प्रोफॉर्मात, म्हणजे प्रत्येकीची माहिती भरायच्या फॉर्मात, एक रकानाही वाढला: मशीनच्या आकड्यावरून हिला पुढे पाठवलं असतं का, हो की नाही. लॅबमध्ये सातच्या खाली निघालेल्या किती जणींसमोर तिथे ‘नाही’ आलंय, ते आधी मोजायचं. बाकीचे तक्ते आणि टेस्ट मग.