तुम्ही विचारलंत म्हणून: हीटर कोणता घेऊ?

थंडी पडायला लागली की मला हा प्रश्न हमखास येतो. "ऐन कडाक्यात दोन-तीन दिवस वीज गेली तर घर गरम कसं ठेवायचं? कुठला हीटर घेऊन ठेवू?" विचारणाऱ्याला एक नाव हवं असतं. घेतला, कोपऱ्यात ठेवला, काळजी मिटली. मी उलट विचारते, "शेजारच्यांकडे काय आहे?" बहुतेकांना वाटतं, मी विषय टाळतेय.

टाळत नाही, तिकडेच येणार आहे. पण आधी घराचं बोलू.

वीज गेल्यावर अख्खं घर गरम ठेवायचा हट्ट सोडा. एक खोली निवडा. बाहेरच्या भिंती कमी, छत बुटकं, दुपारचं ऊन येतं अशी. जागतिक आरोग्य संघटना घरात निदान १८ अंश सेल्सियस तापमान असावं म्हणते. अडचणीच्या रात्री सगळ्या घरात ते जमणं कठीण, एका खोलीत जमू शकतं. बाकीचं घर गार पडू द्या, मात्र पाणी गोठून पाइप फुटू नयेत म्हणून मुख्य नळ बंद करून पाइप रिकामे करायला शिकून ठेवा. स्वस्थ बसलेलं माणूस साधारण १०० वॉट उष्णता बाहेर टाकत असतं. चौघं एका बंद खोलीत बसली की एक छोटा हीटर आपोआप चालू झाला.

ही उष्णता जाते कुठून, ते वीज असतानाच शोधायचं. वारा असलेल्या दिवशी उदबत्ती लावा आणि खिडकीच्या चौकटीला लागून सावकाश फिरवा. धूर सरळ वर जात असतो, फटीपाशी आला की एकदम आडवा होतो, नाहीतर सुर्रकन फटीत ओढला जातो. दाराखाली, भिंतीतून पाइप आत येतो तिथे, विजेच्या बोर्डाभोवती आणि मुख्य म्हणजे माळ्याच्या झाकणाशी फिरवा. गरम हवा वर चढते, वरच्या फटींतून निसटते आणि तिची जागा भरायला खालून गार हवा आत येते. म्हणून नुसती दाराखाली गोधडी कोंबून भागत नाही. (उदबत्ती फिरवताना पडदे आधी बाजूला करा, हे सांगायला नको.) फटी बुजवायला लागणारी पट्टी आणि छतावर घालायचं इन्सुलेशन ही सगळ्यांत कंटाळवाणी खरेदी आहे. कुणाला दाखवता येत नाही. माझ्या मते पैसे आधी तिथेच जावेत.

मग यंत्रं. हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणणारा उलटा एसी, रोजच्या वापराला उत्तम. एक युनिट वीज घेऊन साधारण तीन युनिट उष्णता घरात आणतो, पण वीज गेली की तो नुसता डबा. गॅसवर घर तापवणाऱ्यांना वाटतं, आपण सुटलो. त्यांच्या भट्टीत जळतो गॅस, पण हवा फिरवणारा पंखा आणि नियंत्रण बहुधा विजेवरच असतं. तुमचं काय आहे ते बघायचं तर एखाद्या दिवशी मेन स्विच बंद करून पाहा.

कुंडीखाली मेणबत्ती लावून खोली तापवायचे व्हिडिओ मला दर वर्षी कुणीतरी पाठवतंच. मेणबत्तीची उष्णता ८० वॉटच्या आसपास, म्हणजे बसलेल्या माणसापेक्षाही कमी. वर मातीची कुंडी उपडी घातल्याने त्यात काडीचीही भर पडत नाही. आग लागण्याची सोय मात्र होते.

मी स्वतः वापरते ती लाकडाची बंद शेगडी: लोखंडी पेटी, काचेचं दार, वर जाणारं धुराडं. भिंतीतली उघडी शेकोटी दिसते छान, पण खोलीतली तापलेली हवाच धुराड्यातून वर खेचून नेते. शेगडी कितीही चांगली असली तरी लाकूड ओलं असेल तर व्यर्थ. ओलावा २० टक्क्यांच्या आत हवा, आणि फोडलेलं लाकूड तेवढं वाळायला जातीप्रमाणे वर्ष-दोन वर्षं लागतात. दोन ढलप्या एकमेकींवर आपटा. वाळलेल्या खणखणतात, ओल्या थप्प करतात. ओल्या लाकडाची बरीच धग त्यातलं पाणी उकळण्यातच जाते, आणि धुराड्याच्या आत डांबरासारखा थर चढतो. तो थरच पुढे पेट घेतो, म्हणून धुराडं वर्षातून एकदा साफ करून घ्यायचंच.

आणि आता ज्यात थट्टा नको ते. कोळशाची उघडी शेगडी घरात आणायची नाही. जनरेटर घरात नाही, गॅरेजमध्ये नाही. तो बाहेर, दारं-खिडक्यांपासून निदान ६ मीटर लांब. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला चिकटण्याची त्याची ओढ ऑक्सिजनच्या २०० पटींहून जास्त. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते. माणूस समजतो, थंडी बाधली. २०२१च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये ४५ लाखांवर घरांची वीज गेली, तेव्हा राज्याच्या आरोग्य खात्याने शेवटी २४६ मृत्यू मोजले. त्यांतले निम्म्याहून अधिक थंडीने गेले, पण काही जण ऊब मिळवायच्या धडपडीत या वायूने गेले. जिथे काहीही जळतं तिथे बॅटरीवर चालणारा अलार्म हवा, आणि शेगडीच्या खोलीत हवा येण्याची वाट बुजवायची नाही.

आता शेजाऱ्यांकडे. एक शेगडी एकच खोली तापवते, पण त्या खोलीत आठ माणसं बसू शकतात. दोन घरांनी एकीकडे जमायचं ठरवलं की निम्मं सरपण वाचलं. हे ठरवणं मात्र आधी व्हावं लागतं. अंधारात, फोन बंद असताना, कधी न बोललेल्या माणसाचं दार रात्री दोनला कोण वाजवणार?

शेजारच्या आजींना कमी ऐकू येतं. त्यांच्या दारावरची घंटा विजेवर, फोन चार्जिंगवर. म्हणून आमचं ठरलंय: सकाळी नऊपर्यंत त्यांच्या पुढच्या खिडकीचा पडदा सरकला नाही तर मी किल्लीने दार उघडून आत जायचं. माझी जादा किल्ली त्यांच्याकडे, त्यांची माझ्याकडे. यात उपकार एकतर्फी नाहीत. शेगडी पेटवायला मला त्यांनी शिकवलं. मोठे ओंडके खाली, बारीक काटक्या सगळ्यांत वर, आणि काडी वरूनच लावायची. ज्वाळा खाली उतरत जाते आणि निघणारा धूर तिच्यातून जाताना जळतो. "खालून पेटवतेस आणि मग खोकत बसतेस," असं त्या अजूनही ऐकवतात.

जपानमधला कोबेचा भूकंप १९९५च्या जानेवारीत झाला, भल्या पहाटे. तिथून जवळच्या आवाजी बेटावर तेव्हा होकुदान नावाचं गाव होतं. कोण कुठल्या खोलीत झोपतं हे तिथल्या शेजाऱ्यांना माहीत होतं, त्यामुळे पडलेल्या घरात नेमकं कुठे उकरायचं ते त्यांना कळलं. मी शेजाऱ्यांची माहिती ठेवते ती अशीच, अगदी घरगुती. ऑक्सिजनचं यंत्र कुणाकडे आहे, तान्हं मूल कुठे आहे, जिना कुणाला चढवत नाही.

विश्वासू शेजारी कसा ओळखायचा, हे विचारतातच. वर्षभराचा साठा असल्याच्या बढाया मारणाऱ्यावर मी विसंबत नाही. शिडी मागून नेली आणि न सांगता परत आणून ठेवली, तो माझा माणूस. आणि स्वतः काहीतरी मागा. नेहमी देणाऱ्याकडे मदत मागायला लोक संकोचतात.

तर हीटर. शेजारी लाकूड जाळत असतील तर तुम्ही मोठी बॅटरी घ्या. त्यावर त्यांचे फोन, औषधाचा फ्रिज, आजींचं श्रवणयंत्र चार्ज होईल. ते गॅसवर असतील तर तुम्ही शेगडी घ्या. सगळ्यांचं एकच इंधन नको, संपतं तेव्हा सगळ्यांचं एकदम संपतं. आणि शेगडी घ्यालच तर दुकानदार सुचवेल त्यापेक्षा एक नंबर लहान घ्या. लहान खोलीत मोठी शेगडी दाबून, धुमसत ठेवावी लागते आणि धुराड्यात तोच डांबरी थर साठतो.