बकॅनियर आणि तापलेली हवा

नागपूरच्या विमानतळाजवळच्या सोनेगावात राहणाऱ्या माणसाला विमानांच्या आवाजाचे फारसे अप्रूप राहत नाही. तरीही मे महिन्याच्या दुपारी, पारा ४५ अंशांपर्यंत चढलेला असताना, एखादे विमान धावपट्टीवर बरेच अंतर धावून मगच जमीन सोडते, तेव्हा मी खिडकीशी जाऊन उभा राहतो. तापलेली हवा विरळ होते, त्यामुळे पंखांना उचल कमी मिळते आणि इंजिनाचा रेटाही घटतो. ब्लॅकबर्न बकॅनियर या ब्रिटिश विमानाच्या प्रत्येक आवृत्तीमागे मला उचल आणि रेटा यांचीच ओढाताण दिसते.

सोव्हिएत नौदलाच्या स्वेर्दलोव वर्गातील क्रूझर नौकांना उत्तर म्हणून ब्रिटिश नौदलाला, रडारला चुकवत समुद्राच्या पृष्ठभागालगत वेगाने जाणारे हल्ल्याचे विमान हवे होते. अशा वेगासाठी पंख लहान असावे लागतात, तर विमानवाहू नौकेच्या आखूड डेकवर सावकाश उतरण्यासाठी ते मोठे लागतात. बॅरी लेट यांच्या नेतृत्वाखालील अभियंत्यांनी इंजिनाच्या कॉम्प्रेसरमधील दाबाखालची हवा पंखांवरच्या आणि शेपटीवरच्या अरुंद फटींतून बाहेर सोडली आणि लहान पंखांकडूनच मोठ्या पंखांचे काम करून घेतले. मला ही युक्ती या विमानाचा प्राण वाटते. पहिले उड्डाण ३० एप्रिल १९५८ रोजी झाले.

मात्र ही हवा इंजिनाकडूनच घ्यावी लागे, आणि पहिल्या एस.१ आवृत्तीतील दोन जायरॉन ज्युनियर इंजिनांचा रेटा प्रत्येकी सुमारे ७,१०० पौंडच होता. शस्त्रांचा आणि इंधनाचा पूर्ण भार घेऊन डेकवरून उडणे त्यांना झेपत नसे. म्हणून विमान थोड्याच इंधनावर उडे आणि हवेत सिमिटर विमानाकडून टाकी भरून घेई. १९६५ मध्ये सेवेत आलेल्या एस.२ मध्ये रोल्स-रॉइसची स्पे इंजिने बसवली गेली. त्यांचा रेटा प्रत्येकी ११,००० पौंडांच्या वर होता, शिवाय इंधनही कमी लागे. बकॅनियर खऱ्या अर्थाने पूर्ण झाले ते इथे.

टीएसआर-२ हे ब्रिटिश हल्ल्याचे विमान बनवण्याचा आणि त्यानंतर अमेरिकी एफ-१११ विमाने घेण्याचा, असे दोन्ही बेत रद्द झाल्यावर ब्रिटिश वायुदलानेही बकॅनियर स्वीकारले. त्याची एस.२बी आवृत्ती १९९१ च्या आखाती युद्धात टॉर्नेडो विमानांच्या बॉम्बसाठी लेसरने लक्ष्य दाखवत होती, आणि १९९४ मध्ये ती निवृत्त झाली.

नागपूरकर म्हणून मला सर्वांत जवळची वाटते ती दक्षिण आफ्रिकेने घेतलेली १६ विमानांची एस.५० आवृत्ती. प्रिटोरियाजवळचा वॉटरक्लूफचा तळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,५०० मीटर उंचीवर आहे. तिथली हवा मुळातच विरळ, त्यात उन्हाळ्याची भर. म्हणून स्पे इंजिने असूनही या विमानांच्या मागच्या भागात, उड्डाणाच्या वेळी सुमारे अर्धा मिनिट जादा रेटा देणारे आणि काम झाले की आत ओढून घेता येणारे रॉकेट बसवले होते.