बाबांचीच भजनं कमी-जास्त का वाजतात

तुम्ही विचारलंत म्हणून, शेवटचं सांगतो. माझ्या पेनड्राइव्हवर नाट्यगीतं, कन्नड भावगीतं, वरातीतली गाणी, सगळी एका आवाजात. मग बाबांचीच भजनं कमी-जास्त का? गाडीत बसलेला प्रत्येक जण खानापूर यायच्या आत हे विचारतो. वर सल्ला: "एमपीथ्रीगेन मार की एकदा!"

मारलं होतं. एमपीथ्रीगेन म्हणजे सगळ्या गाण्यांचा आवाज सारखा करणारं सॉफ्टवेअर. शहापुरातल्या निम्म्या गल्लीला ते मीच शिकवलं. 2001 साली डेव्हिड रॉबिन्सननं मांडलेली, आवाज जुळवायची रिप्लेगेन पद्धत फाइलच्या टॅगमध्ये नुसता आकडा लिहिते, आणि माझ्या गाडीचा प्लेअर तो वाचत नाही. म्हणून थेट फाइलमध्येच आवाज बदलणारं हे एमपीथ्रीगेन: लक्ष्य 89 डेसिबल, दीड-दीड डेसिबलच्या पायऱ्या, नको असेल तर पुन्हा होतं तसं. "मग गाणी बारीक का झाली?" नवी गाणी मुळातच मोठ्या आवाजात ठासून भरलेली असतात, ती खाली येणारच. नॉब आहे की हाताशी.

बाबांच्या दिवसकार्याला त्यांचीच भजनं लावायची ठरली. अकरा कॅसेटी मी आधीच कॉम्प्युटरवर उतरवल्या होत्या. रात्रीत सगळ्यांना 'ट्रॅक गेन' लावला, म्हणजे प्रत्येक भजन वेगवेगळं 89 वर. शेवटच्या कॅसेटला क्लिपिंगची, म्हणजे आवाज मर्यादेबाहेर जाऊन फाटेल अशी, लाल सूचना आली. पाहिली, पुढे गेलो. ती कॅसेट आजारपणातली. बाबा पलंगावर, पेटीवाले काका पायथ्याशी, टाळ एकच. मांडवात आधी टेपची खरखर आली, मग बाबांचा आवाज, चाळिशीतल्याइतकाच मोठा, आणि टाळ पडला की फाटणारा. लोक म्हणाले, काय स्वच्छ ऐकू येतंय! आई पत्रावळी मांडत होती. थांबली.

"ह्यांचा आवाज शेवटी एवढा नव्हता रे. कान लावून ऐकावं लागायचं."

पुन्हा पत्रावळी मांडू लागली.

त्याच रात्री सगळं मागे नेलं. आता अकराही कॅसेटींना मिळून एकच आकडा, 'अल्बम गेन'. आतला चढउतार जसाच्या तसा. हे मला आधी माहीत नव्हतं असं नाही. आलाप बारीकच राहायला हवा, हे मीच लोकांना ऐकवायचो. पण मांडवात मागच्या ओळीत आत्या होती, तिला कमी ऐकू येतं. त्या दिवशी तिनं शेवटचं भजन पहिल्यांदा पूर्ण ऐकलं. ते चुकलं म्हणू?

परवा जांबोटीच्या रस्त्यावर एकटाच होतो, खिडकी उघडी. शेवटचं भजन ऐकूच येईना. नॉब पिळला, शेवटपर्यंत. भजन संपलं आणि वरातीचं गाणं दणकन अंगावर आलं.