बोलावणं बेरिकचं, दावा बॅरनचा

दस्त एकाच पानाचा होता. इंग्लंडचा राजा दुसरा एडवर्ड याने 1313 च्या डिसेंबरमध्ये धाडलेल्या बोलावण्याची ती छापील प्रत होती. वर लॅटिन मजकूर, खाली नावांची लांब यादी आणि त्यातल्या एका नावाखाली पेन्सिलीची रेघ. सोबतच्या पत्रात म्हटलं होतं, की हा आमचा पूर्वज. राजाने त्याला नाव घेऊन संसदेला बोलावलं, अर्थात तो बॅरन, म्हणजे संसदेत बसायचा मान असलेला सरदार, होता. तेवढं तपासून लेखी द्या.

लंडनच्या नैऋत्येला क्यू इथे ब्रिटनचं राष्ट्रीय दप्तर आहे. तिथली मध्ययुगीन चर्मपत्रं वाचून वकिलांना आणि घराण्यांना अहवाल लिहून देणं हे माझं काम. बॅरनपदाचे दावे वरचेवर येतात. हा मात्र वेगळा निघाला, कारण ज्या कागदाच्या आधारावर तो उभा होता, तोच कागद त्याच्या विरुद्ध साक्ष देत होता.

अशा बोलावण्यात नावांच्या यादीकडे सगळ्यात शेवटी बघायचं. आधी तीन गोष्टी वाचायच्या: कुठे यायचं, कधी यायचं आणि येऊन काय करायचं. संसदेचं बोलावणं असेल तर मजकुरात राज्यातल्या अवघड प्रश्नांचा उल्लेख असतो. धर्माधिकाऱ्यांशी आणि सरदारांशी चर्चा करायला, सल्ला द्यायला या, असं राजा लिहितो. ठिकाण बहुधा वेस्टमिन्स्टर, कधी यॉर्क किंवा लिंकन. आमच्या पानावर ठिकाण होतं ट्वीड नदीवरचं बेरिक, दिवस 10 जून 1314 आणि हुकूम होता घोडे व शस्त्रांनिशी हजर होण्याचा. ही फौजेची जमवाजमव होती. याच फौजेचा दोन आठवड्यांनी, 24 जूनला, बॅनकबर्नला स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस याने धुव्वा उडवला.

मग घराण्याची समजूत अशी का झाली? कारण छापील खंडांत आहे. फ्रान्सिस पालग्रेव्हने एकोणिसाव्या शतकात, 1827 ते 1834 या काळात, ही बोलावणी छापून काढली. त्याच्या ग्रंथाच्या पूर्ण नावात संसदीय आणि लष्करी अशी दोन्ही बोलावणी आहेत, पण उल्लेख करताना सगळे ‘पार्लमेंटरी रिट्स’ एवढंच म्हणतात. कुणीतरी एका पानाची प्रत काढतो, कडेला ते छोटं नाव लिहितो, आणि पुढच्या पिढीला लष्करी बोलावणं संसदेचं वाटू लागतं. शिवाय दोन्ही याद्यांचा साचा सारखाच: वर अर्ल, म्हणजे सर्वांत वरच्या दर्जाचे सरदार, खाली इतर, त्यातली बरीच नावंही तीच. नुसती यादी बघून फरक कळणं शक्य नाही.

या विशिष्ट बोलावण्याच्या बाबतीत तर ‘संसद’ हा शब्दच वादाचा होता. 1311 मध्ये सरदारांनी राजावर नियमावली लादली होती. तिच्यात स्पष्ट कलम होतं, की सरदारांच्या संसदेतल्या संमतीशिवाय राजाने युद्धाला निघू नये. पुढच्या वर्षी, 1312 च्या जूनमध्ये, राजाचा लाडका पिअर्स गॅव्हस्टन, म्हणजे कॉर्नवॉलचा अर्ल, सरदारांनी पकडून मारला. इतकी कटुता ताजी असताना राजाने संसदेत विषय न मांडता थेट बेरिकला या असं कळवलं. लँकेस्टर, वॉरिक, अरंडेल आणि सरे हे चार अर्ल गेलेच नाहीत. संसदेची संमती नाही, हेच त्यांचं कारण. जमिनीपोटी देणं लागत होते तेवढी किमान माणसं त्यांनी पाठवली आणि स्वतः घरी राहिले. ज्या हुकमावर संसदेशिवाय काढल्याचा आक्षेप घेऊन चार अर्ल अडून बसले, तोच हुकूम सातशे वर्षांनी संसदेत बसल्याचा पुरावा म्हणून माझ्यासमोर आला होता.

पण एक पुरावा पडला म्हणजे दावा खोटा, असं म्हणून मोकळं होता येत नाही. तोच माणूस दुसऱ्या एखाद्या वर्षी खरोखर संसदेला बोलावला गेला असू शकतो. म्हणून 1295 पासून त्याच्या मृत्यूपर्यंतच्या याद्या बघायच्या. त्या चॅन्सरीच्या, म्हणजे राजाच्या लेखन-कचेरीच्या, क्लोज रोल्स या पत्रनोंदींच्या गुंडाळ्यांमध्ये, सी 54 या मालिकेत, नोंदलेल्या आहेत. इथेही फसगतीची जागा आहे. काही बोलावणी संसदेची नसून नुसत्या सल्लामसलतीच्या बैठकीची असतात. 1342 च्या फेब्रुवारीतलं बोलावणं असंच आहे, आणि त्या तारखेवर उभी केलेली बॅरनपदं जुन्या सरदारकोशांत अजून दिसतात. आमच्या माणसाचं नाव संसदेच्या एकाही यादीत नव्हतं.

ते असतं तरी काम संपलं नसतं. बोलावणं आलं आणि माणूस जाऊन बसला, की त्याच्या वारसांना कायमचं बॅरनपद मिळतं, हा नियम 1674 च्या क्लिफ्टन खटल्यात पक्का झाला. तो नंतरच्या वकिलांनी मागच्या काळावर लादला. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला राजा या वेळी एकाला बोलवे, पुढच्या वेळी वगळे, आणि त्यात कुणाला आपली पदवी गेली असं वाटत नसे. तिसऱ्या एडवर्डच्या काळात याद्या हळूहळू ठरावीक घराण्यांवर स्थिरावल्या. शिवाय माणूस खरोखर बसला होता हे सिद्ध करणं फार कठीण, कारण लॉर्ड्स सभेची रोजची नोंदवही 1510 च्या आधीची मिळत नाही.

आपण कथा-कादंबऱ्यांत वाचतो ती पदव्यांची शिडी त्या वेळी नव्हतीच, हेही अहवालात लिहावं लागलं. 1313 मध्ये इंग्लंडमध्ये ठोस पदवी एकच होती, अर्ल. पहिला ड्यूक 1337 मधला: तिसऱ्या एडवर्डचा सहा वर्षांचा मुलगा, कॉर्नवॉलचा ड्यूक. पहिला मार्क्विस 1385 मध्ये रॉबर्ट डी व्हीअर. सनद देऊन केलेला पहिला बॅरन 1387 मध्ये जॉन बोशाँ. पुढच्याच वर्षी त्याचा शिरच्छेद झाला. व्हायकाउंट तर 1440 मध्ये आला.

कुळाची खरी पत बघायची तर मला पैशाच्या नोंदी जास्त भरवशाच्या वाटतात. राजाकडून थेट जमीन धरणारा मेला, की सज्ञान वारसाला ‘रिलीफ’ नावाचा वारसा-नजराणा भरावा लागे. त्याचे दर मॅग्ना कार्टानेच, म्हणजे राजाच्या सत्तेला मर्यादा घालणाऱ्या 1215 च्या सनदेनेच, बांधून दिले होते. अर्लच्या पूर्ण जमिनीला 100 पौंड. बॅरनच्या पूर्ण जमिनीला 1215 मध्ये 100 पौंड आणि 1297 च्या प्रतीनुसार 100 मार्क. एका नाइट-फीला, म्हणजे एका नाइटच्या चाकरीपोटी दिलेल्या जमिनीला, जास्तीत जास्त 100 शिलिंग. पौंडाचे 20 शिलिंग किंवा 240 पेनी, मार्क 160 पेनीचा. त्यामुळे 100 मार्क म्हणजे 66 पौंड 13 शिलिंग 4 पेनी. भरलेला आकडा बघितला की माणूस कोणत्या नात्याने जमीन धरत होता हे लगेच कळतं. मात्र शोधायचं कुठे, हे ठाऊक हवं. फाइन रोलमध्ये, म्हणजे राजाला देऊ केलेल्या रकमांच्या नोंदींत, बहुधा ‘जामीन घेऊन जमीन ताब्यात द्या’ एवढाच हुकूम असतो. रक्कम एक्स्चेकरच्या, म्हणजे राजाच्या खजिन्याच्या, नोंदींत सापडते. आमच्या माणसाने वडिलांमागे भरले होते 12 पौंड 10 शिलिंग. 250 शिलिंग, अडीच नाइट-फींचा हिशेब बरोबर जुळला. बॅरनचा दर त्याला लागलाच नव्हता.

यानंतर मी त्याच्या मृत्यूनंतरची चौकशी मागवली. ती दुसऱ्या एडवर्डच्या काळातली, म्हणून सी 134 मालिकेत. चॅन्सरीतून एस्चीटर या अधिकाऱ्याला हुकूम जाई. तो स्थानिक पंच बसवून ठरावीक प्रश्न विचारी: कोणती जमीन, कुणाकडून, कोणत्या चाकरीवर, वार्षिक उत्पन्न किती, धनी कधी वारला, वारस कोण आणि वय काय. उत्तरं चर्मपत्रावर लिहून पंचांच्या मोहरा लावून परत पाठवली जात. चर्मपत्राची खालची कड ओलीने काळवंडलेली होती. तिथली शाई नुसत्या डोळ्यांना दिसत नव्हती. अतिनील दिव्याखाली धरल्यावर ओळी उमटल्या. कडा दाबायला जड मण्यांच्या माळा, खाली फोमची उतरंड, हातात फक्त पेन्सिल, ही तिथली शिस्त.

मृत्यूची तारीख होती ‘सेंट मार्टिनच्या सणानंतरचा मंगळवार, राज्यवर्ष सतरावं’. राज्याभिषेक शकाच्या तारखा जुळवणाऱ्यांना ही कसरत नवी नाही. दुसऱ्या एडवर्डचं वर्ष 8 जुलैला सुरू होतं, तेव्हा सतरावं वर्ष 8 जुलै 1323 ते 7 जुलै 1324. सण 11 नोव्हेंबरचा, त्या वर्षी तो शुक्रवारी आला. पुढचा मंगळवार 15 नोव्हेंबर 1323. घराण्याच्या वंशवृक्षात 1324 होतं. कुणीतरी राज्यवर्ष सरळ 1307 मध्ये मिळवलं होतं.

जमीन दोन परगण्यांत होती, म्हणून चौकश्याही दोन. घराण्याकडे एकीचीच प्रत होती, त्यामुळे त्यांना तीनपैकी दोनच मॅनर, म्हणजे जमीनदाऱ्या, माहीत होते. पंचांनी सांगितलेल्या किमतींवर मी भिस्त ठेवत नाही. नांगरटीची एकर 4 पेनी, कुरणाची 18 पेनी असे आकडे येतात, पण पंच शेजारपाजारचेच. उत्पन्न कमी दाखवण्याकडे त्यांचा कल असे. जमीन कोणत्या चाकरीवर धरली, ही बाब मात्र सहसा खरी असते. तिथे स्वच्छ लिहिलं होतं: नाइटच्या चाकरीवर. बॅरनपदाच्या नात्याने धरल्याचा शब्द दोन्ही चर्मपत्रांत नव्हता.

वारस मुलगा, वय नऊ. अज्ञान वारसाला रिलीफ माफ, पण त्याबदल्यात तो स्वतः, त्याची जमीन आणि त्याचं लग्न, सगळं राजाच्या हाती जाई. विधवेला एक तृतीयांश जमीन मिळे, उरलेल्या जमिनीचं पालकत्व राजा विकू शके. मुलगा 21 वर्षांचा झाला, की वय सिद्ध करायला पुन्हा पंच बसत. आमच्या मुलाचा तो कागद 1335 मधला, सी 135 मालिकेत मिळाला. त्यात पंच सांगतात, की त्याच्या बारशाच्या दिवशी माझा पाय मोडला, माझ्या घराला आग लागली. वाचायला हृद्य, पण हीच वाक्यं निरनिराळ्या परगण्यांच्या कागदांत जशीच्या तशी येतात. कारकुनाकडे तयार मसुदा असे. त्यामुळे त्या आठवणी वंशवृक्षात घालू नका, असं मी बजावलं.

अहवाल गेल्यावर घराण्याचा एकच प्रश्न आला: तीन मॅनरचा धनी, अंगावर चिलखत, मोहरेवर चिन्ह, मग बॅरन का नाही? मी त्यांना बॅनकबर्नचंच उदाहरण दिलं. तिथे ग्लॉस्टरचा अर्ल गिल्बर्ट डी क्लेअर 23 व्या वर्षी पडला. मूल नव्हतं. विधवा बराच काळ आपण गरोदर असल्याचं सांगत राहिली, म्हणून वाटणी 1317 पर्यंत लांबली. मग जमीन तीन बहिणींत वाटली गेली, अर्लपद मात्र कुणालाच मिळालं नाही. पुढे 1337 मध्ये राजाने एका बहिणीच्या नवऱ्याला, ह्यू ऑडलीला, ते नव्याने दिलं. जमीन वारसांना हक्काने जाई. पदवी द्यायची की नाही, हे राजा ठरवी. उलट उदाहरण जॉर्ज नेव्हिलचं. तो 1470 मध्ये बेडफर्डचा ड्यूक झाला, पण पदाला शोभेल असं उत्पन्न त्याच्याकडे नाही, म्हणून 1478 मध्ये संसदेने कायदा करून ती पदवी काढून घेतली.

घराण्याने वंशवृक्षातला ‘बॅरन’ खोडून ‘नाइट, अडीच फींचा धारक’ असं लिहिलं. पुढची पिढी शोधायला मी त्यांना 1379 चा डोईपट्टी कर सुचवला आहे, कारण त्यात दर्जाप्रमाणे दर आहेत: अर्लला 4 पौंड, बॅरनला 2, नाइटला 1 पौंड, स्क्वायरला, म्हणजे नाइटच्या खालच्या दर्जाच्या माणसाला, 6 शिलिंग 8 पेनी किंवा त्याहून कमी, आणि सामान्य माणसाला 4 पेनी. त्या याद्या ई 179 मालिकेत आहेत. सगळ्या परगण्यांच्या टिकलेल्या नाहीत, म्हणून दोन्ही परगण्यांच्या मागवल्या आहेत.