तुम्ही विचारलंत म्हणून: कोपऱ्यात तीन अक्षरं लिहिली की झालं ना?

मी सॉफ्टवेअरसाठी आयकॉन काढतो हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले काका विचारतात, आणि माझं बिल मंजूर करणारे साहेबही विचारतात: "फाइल कुठल्या प्रकारची आहे एवढंच दाखवायचं ना? मग कोपऱ्यात पीडीएफ, जेपीजी असं लिहून टाकायचं. त्यात डिझाइन ते काय करायचं?"

प्रश्न रास्त आहे. समोर फाइलींची नुसती यादी असेल तर माझंही उत्तर हेच, की लिहा आणि मोकळे व्हा. यादीत माणूस तसाही वाचतच असतो. अडचण येते ती थंबनेलमध्ये, म्हणजे आयकॉनच्या जागी फाइलीतल्या मजकुराचंच छोटं चित्र दिसतं तिथे. तिथे नजर चित्रांवरून भराभर सरकते, वाचायला थांबत नाही.

दिवाळी अंकाचं काम करणाऱ्या एखाद्या डीटीपीवाल्याच्या मशीनवर मुखपृष्ठाचा फोल्डर उघडून बघा. एकच चित्र चार वेळा दिसेल. एक फोटोशॉपची मूळ फाइल, सगळ्या लेयर्ससकट, म्हणजे चित्राचे थर सुटे ठेवलेली. एक टिफ, म्हणजे छपाईसाठी काढलेलं सपाट चित्र. एक जेपीजी, संपादकांना व्हॉट्सअॅपवर दाखवायला काढलेली. आणि एक पीडीएफ, प्रेसला जायची. फोटोशॉपच्या फाइलींचं थंबनेल दाखवायची सोय मशीनवर असेल तर चौघींचा चेहरा तंतोतंत सारखा. वर विंडोज ओळखीच्या फाइलींचं एक्स्टेन्शन, म्हणजे नावाच्या शेवटची प्रकार सांगणारी अक्षरं, आपणहून लपवतं, त्यामुळे नावंही 'मुखपृष्ठ फायनल' आणि 'मुखपृष्ठ फायनल नवीन' एवढीच दिसतात. आत कुठलं चित्र आहे हे ऑपरेटरला कळायला नकोच असतं, ते तो आदल्या रात्रीपासून बघतोय. त्याला हवं असतं ते हे, की यातली कुठली उघडली तर दुरुस्ती करता येईल आणि कुठली छपाईच्या प्लेटला देता येईल. थंबनेल नेमकं त्याबद्दल काही सांगत नाही.

ही कोंडी झाली कशी, तर आयकॉनमधली आतली जागा गेली म्हणून. झेरॉक्स कंपनीचा 'स्टार' संगणक १९८१ मध्ये आला. त्याचे आयकॉन नॉर्मन कॉक्स यांनी काढले होते आणि त्यात दस्तऐवज म्हणजे कागदाचं छोटं चित्र होतं. १९८४ च्या मॅकिंटॉशसाठी सुझन केअर यांनी ३२ बाय ३२ चौकटींत आयकॉन बसवले, सुरुवात आलेखाच्या कागदावर घरं रंगवून. तेव्हापासून रीत पडली ती अशी: बाहेरची कड कागदाची, कोपरा दुमडलेला, आणि प्रकार सांगणारी खूण त्या कागदाच्या पोटात. थंबनेल आलं आणि पोटातली जागा फाइलीतल्या मजकुरानेच घेतली. खूण बिचारी कोपऱ्यात सरकली.

आणि तो कोपराही रिकामा नाही. डावीकडे खाली शॉर्टकटचा बाण बसलेला असतो, किंवा क्लाउडवर फाइल चढल्याची हिरवी बरोबरची खूण. विंडोजमध्ये थंबनेलच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात त्या प्रोग्रामचा छोटा आयकॉन टाकायची सोय आहे. तीही अशी, की तो दिसावा की नाही हे प्रोग्राम बनवणाऱ्याच्या मर्जीवर. विंडोजच्या मध्यम आकाराच्या दृश्यात आयकॉन ४८ पिक्सेलचा असतो. खुणेने त्याचा फार तर तिसरा हिस्सा घ्यावा, म्हणजे १६ पिक्सेल. त्याहून मोठी केली तर चित्र झाकलं जातं आणि थंबनेल दाखवण्यात अर्थ राहत नाही.

आता काकांची तीन अक्षरं त्या १६ पिक्सेलमध्ये बसवू. रोमन कॅपिटल अक्षर कसंबसं तीन पिक्सेल रुंदीत ओळखू येतं. तीन अक्षरं आणि मधल्या दोन फटी मिळून ११ झाले, कडेला थोडी हवा ठेवली तरी बसतं. पण एम आणि डब्ल्यू तीन पिक्सेलमध्ये मावत नाहीत. ऑफिस २००७ पासून वर्ड-एक्सेलच्या फाइलींना चार अक्षरं आली, तेव्हा ही सगळी मांडणी कडांना टेकली. मराठीत 'पीडीएफ' लिहायचं म्हटलं तर शिरोरेघेला एक ओळ, वेलांट्यांना वर जागा. १६ पिक्सेलमध्ये उरतो तो काळा डाग. मी करून पाहिलंय, कारण एका ग्राहकाला ते फार हवं होतं.

शिवाय अक्षरं खोटं बोलतात. मे २००० मध्ये जगभर पसरलेला 'आय लव्ह यू' हा वर्म आठवत असेल. ईमेलला जोडलेल्या त्या फाइलीच्या नावात टीएक्सटी ही अक्षरं होती आणि त्यांच्यामागे व्हीबीएस. विंडोजने रिवाजाप्रमाणे शेवटचं एक्स्टेन्शन लपवलं. लोकांना टीएक्सटी दिसलं, साधी चिठ्ठी समजून त्यांनी उघडली, आणि ती स्क्रिप्ट, म्हणजे उघडताच चालणारा छोटा प्रोग्राम, निघाली. आयकॉन खरा होता, स्क्रिप्टचाच. पण तो पाहून दचकावं असं त्यात काही नव्हतं, हे आमच्या धंद्याचं अपयश म्हणायला हवं.

मग रंगाने काम भागेल का? पीडीएफ लाल, एक्सेल हिरवं, वर्ड निळं हे आता सगळ्यांच्या अंगवळणी पडलंय. मी रंग वापरतो, पण त्याच्या भरवशावर राहत नाही. खाद्यपदार्थांच्या पाकिटावर शाकाहारासाठी हिरवा ठिपका आणि मांसाहारासाठी तपकिरी ठिपका असायचा. रंगांधळ्या माणसाला दोन्ही जवळपास सारखेच. शेवटी एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलिंगच्या नियमांत मांसाहाराचा ठिपका जाऊन तिथे त्रिकोण आला. आमच्याकडे तर भानगड आणखी एक आहे: खूण ज्या चित्रावर बसणार त्या चित्राचा रंग आधी माहीतच नसतो. लाल शालूतल्या नवरीच्या फोटोवर पीडीएफची लाल पट्टी कुठे शोधायची?

म्हणून आकार, आणि तोही कडेचा. व्हिडिओच्या थंबनेलला दोन्ही बाजूंनी फिल्मची भोकं असतात ना, तो मला या क्षेत्रातला सर्वात हुशार तोडगा वाटतो. विंडोजमध्ये तो आहे, लिनक्सवरच्या फाइल मॅनेजरांतही दिसतो. बाजूच्या जराशा पट्टीत काम होतं, मधलं चित्र शाबूत राहतं आणि शंभर फोटोंत एक व्हिडिओ असला तरी नजर तिथे अडखळते. दुर्दैवाने अशी कड सगळ्या प्रकारांना मिळालेली नाही.

एका छपाईच्या सॉफ्टवेअरसाठी मला ती शोधावी लागली. पहिल्यांदा यादी कापली. बनवणाऱ्यांनी दिलेल्या यादीत प्रकार भरमसाट होते. ऑपरेटरच्या कामाला भेद तीनच लागत होते. लेयर्स असलेल्या फाइलीमागे आणखी दोन कागदांच्या कडा डोकावतात, म्हणजे उघडून बदल करता येतील. पानांच्या फाइलीचा, म्हणजे पीडीएफचा, वरचा कोपरा जुन्या रीतीने दुमडलेला. टिफ, जेपीजी अशा सपाट चित्रांना साधी चौकट. जेपीजी आणि पीएनजी यांना वेगळे आयकॉन द्या असा आग्रह बनवणाऱ्यांनी धरला होता, तो मी मोडून काढला. तो फरक ज्याला लागतो तो नाव वाचेल. मग एका फोल्डरमध्ये हे सगळे प्रकार मिसळले, स्क्रीन काळी-पांढरी केली, ४८ पिक्सेलवर आणली आणि ऑपरेटरला म्हटलं, "दादा, यातली दुरुस्त करता येईल अशी दाखवा." बोट लगेच गेलं.

दादांची एक मागणी मात्र मी बराच काळ नाकारत होतो: टिफला खाली चार छोटे चौकोन लावा, फोर कलरची, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या सीएमवायके रंगव्यवस्थेची खूण म्हणून. टिफ आरजीबीमध्येही, म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगव्यवस्थेतही, असू शकते. नुसता प्रकार बघून तिला सीएमवायके म्हणवणारी खूण लावली, तर त्या खुणेवर विसंबून कोणीतरी ती प्लेटला पाठवणार आणि रंग मार खाणार. मग प्रोग्रामरने सांगितलं की टिफच्या आतल्या नोंदींत रंगव्यवस्था लिहिलेली असते, ती वाचता येते. तसं असेल तर हरकत नव्हती. आता नोंद वाचूनच चौकोन उमटतात, आणि जेपीजीही सीएमवायके असू शकते म्हणून तिलाही. लगोलग दादांचा निरोप आला, की फाइल ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० ठिपके इतकी बारीक, आहे का तेही आयकॉनवर दाखवा. ते काही मी केलं नाही; नावाखालच्या ओळीत आकडा टाकायला सांगितला.