टेप हळू नव्हती

मी नेदरलँड्समध्ये जुन्या टेप डिजिटाईज करते. काम तसं कंटाळवाणं, टेप लावा, हेडफोन घाला, ऐकत बसा. त्या दिवशी एका खोक्यात रिफॉर्म्ड चर्चमधली (हा प्रॉटेस्टंट ख्रिश्चनांचा एक पंथ) गाणी होती, म्हणजे आपल्या मराठी बायबलात ज्याला स्तोत्रसंहिता म्हणतात त्यातली स्तोत्रं, पद्यात बसवून चालीवर म्हटलेली. पहिली टेप लावली आणि वाटलं मशीन गेलं! एकेक अक्षर इतकं लांब की एक ओळ संपेपर्यंत मी चहाचे दोन घोट घेतले. पट्टीवरूनही काही कळेना, जुन्या ऑर्गनची पट्टी ठिकठिकाणी वेगळी असते ना. मग मशीन उघडलं, रबराचा रोलर पुसला, मोटर बघितली, दोन तास गेले.

शेवटी स्पेक्ट्रम काढला, म्हणजे आवाजात कुठल्या कुठल्या कंपनसंख्या आहेत त्याचा आलेख. रेकॉर्डिंगमध्ये विजेची घरघर असतेच, इकडे ती ५० हर्ट्झची. टेप हळू फिरत असती तर तीही खाली सरकली असती, पण ती बरोब्बर ५० वर! आमचे एक म्हातारे सहकारी हसायलाच लागले, म्हणाले अगं मशीन ठीक आहे, आमचं गाव असंच गातं.

त्यांनीच सांगितलं की या स्तोत्रांच्या चाली सोळाव्या शतकात जिनिव्हात बांधल्या गेल्या, आणि त्या मूळ चालींत लांब-आखूड स्वर होते, चांगल्या उड्या मारत जाणाऱ्या, इंग्लंडात तर टिंगलीने जिनिव्हा जिग्ज म्हणायचे (जिग म्हणजे उड्या मारत करायचा नाच). डच चर्चमध्ये पुढे सगळे स्वर सारखेच लांब झाले आणि काही कर्मठ मंडळी आजही तसंच गातात. १७७५-७६ मध्ये मासस्लॉइस या डच गावात तर नवी आखूड पद्धत नको म्हणून चक्क दंगे झाले, चाल हळू म्हणायची की भरभर यावरून!! (आपल्याकडे गणपतीच्या आरतीवरून होतील कधीतरी.)

त्याच खोक्यात १५५१ ची एक चाल तीन भाषांत निघाली. जिनिव्हात ती १३४ व्या स्तोत्राची, इंग्रजीत १०० व्याची, म्हणून नाव ओल्ड हंड्रेड्थ. हंगेरियनमध्ये तीच चाल एकदम ठणठणीत वाटते, मला तीच जास्त आवडली.

शेवटची टेप स्कॉटलंडच्या लुईस बेटावरची, गेलिक भाषेतली. वाद्य नाही, एकजण ओळ सांगतो आणि मग सगळे ती उचलतात, पण प्रत्येकजण आपापल्या हरकती घेत, मागेपुढे, त्यामुळे वाटतं लाट आली. ऐकताक्षणी मी मनात म्हटलं, टेपच्या थरांचा आवाज एकमेकांवर उमटलाय, आणि हात फिल्टरकडे गेलाच होता, मागे घेतला.

मग पोटात गोळा आला. गेल्या आठवड्यात अशाच दोन हळू डच टेप मी "दुरुस्त" करून पाठवल्या होत्या. फाईल उघडून बघितल्या, घरघर ५४ वर.


दोन्ही परत मागवल्या.